हेडफोन काढला तरी फोन ऐकत नाही: मुका झालेला फोन पुन्हा बोलता कसा करायचा

फोन वाजतो, तुम्ही उचलता आणि पलीकडून काहीच ऐकू येत नाही. तुमचं ‘हॅलो, हॅलो’ही तिकडे पोचत नाही. गाणं लावलं तर पडद्यावर ते पुढे सरकताना दिसतं, पण स्पीकर गप्प. मग वर नजर जाते आणि दिसतं, कोपऱ्यात हेडफोनचं एक इवलंसं चिन्ह बसलंय. हेडफोन मात्र कधीच काढून टेबलावर ठेवलेला आहे.

अशा वेळी बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात: स्पीकर गेला. मीही पहिल्यांदा तेच समजलो होतो आणि एका धडधाकट फोनचा स्पीकर बदलून घेतला होता. नवा स्पीकरही तसाच मुका राहिला, कारण बिघाड स्पीकरमध्ये नव्हताच. हेडफोन अजून लावलेला आहे अशी फोनची खात्री होती, त्यामुळे तो सगळा आवाज त्या रिकाम्या भोकाकडे पाठवत होता. ही खात्री का झाली ते शोधणं म्हणजेच ही दुरुस्ती. कारणं साधारण तीन ठिकाणी सापडतात: सॉफ्टवेअरमध्ये, भोकातल्या कचऱ्यात किंवा ओलीत, आणि आतल्या वाकलेल्या पत्र्यात. शोधही याच क्रमाने घ्यायचा, कारण पहिल्या टप्प्यावर फोनला काहीच इजा होऊ शकत नाही आणि शेवटच्या टप्प्यावर तो उघडावा लागतो.

फोनला कळतं कसं?

एवढं समजून घेतलं तर पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप पटतील, म्हणून इथे जरा थांबू.

हेडफोनची पिन नीट पाहा. साडेतीन मिलिमीटर जाडीच्या त्या दांड्यावर काळ्या किंवा पांढऱ्या रेघा असतात. दोन रेघा असतील तर धातूचे तीन पट्टे, म्हणजे नुसता हेडफोन. तीन रेघा असतील तर चार पट्टे, म्हणजे माइकवाला हेडफोन. टोकाच्या पट्ट्यातून डाव्या कानाचा आवाज जातो, त्यामागच्यातून उजव्या कानाचा. उरलेल्यांपैकी एक ग्राउंड (वीज परत जाण्याची सामाईक वाट) आणि एक माइक. फोनच्या भोकात, म्हणजे जॅकमध्ये, या प्रत्येक पट्ट्याला टेकणारी एकेक पातळ स्प्रिंगपट्टी असते.

त्यांच्या जोडीला आणखी एक पट्टी असते, पिन आली की नाही ते ओळखणारी. ती दोन तऱ्हांची असते. काही जॅकमध्ये पिन आत आल्यावर ती पट्टी पिनेला टेकते आणि सर्किट जोडलं जातं. काहींमध्ये उलट: एरवी दोन पट्ट्या एकमेकींना टेकलेल्या असतात आणि पिन त्यांना दूर सारते. पहिल्या तऱ्हेत ओल किंवा गंज दोन पट्ट्यांमध्ये पूल बांधतो आणि फोन फसतो. दुसऱ्या तऱ्हेत कोरडा धागासुद्धा पुरतो. तो दोन पट्ट्यांच्या फटीत अडकला की त्या परत टेकत नाहीत आणि फोनच्या लेखी पिन अजून आतच असते. पट्टीचा ताण गेला, ती वाकून राहिली, तरी परिणाम तोच.

हेडफोनवरच्या बटणांचं काम याहून नाजूक असतं. बटणासाठी वेगळी तार नसते. बटण दाबलं की माइक आणि ग्राउंड यांच्यामधला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बदलतो आणि फोन तो मोजतो. अँड्रॉइडच्या ठरलेल्या पद्धतीनुसार ७० ओहम किंवा त्याहून कमी रोध म्हणजे गाणं थांबवा-चालू करा किंवा फोन उचला, ११० ते १८० म्हणजे व्हॉइस असिस्टंट, २१० ते २९० म्हणजे आवाज वाढवा आणि ३६० ते ६८० म्हणजे आवाज कमी करा. आता भोकात घामाचा एक थेंब गेलाय अशी कल्पना करा. खारट ओल वीज वाहते आणि सुकताना तिचा रोध बदलत जातो. गाणं आपोआप थांबतं, आवाज खालीवर होतो, कुणी न बोलावता व्हॉइस असिस्टंट उघडतो. लोकांना वाटतं फोनमध्ये व्हायरस शिरला. प्रत्यक्षात तो त्या भोकातला ओलावा असतो.

आधी निदान, मग हत्यार

भोकात काहीही घालण्याआधी दहा मिनिटं या चाचण्यांना द्या. फोन नुकताच भिजलेला असेल तर मात्र चाचण्या राहू द्या, तो लगेच बंद करा आणि थेट ओलीबद्दलच्या भागाकडे जा.

पहिली चाचणी अलार्मची. आवाज पूर्ण वाढवून एक मिनिटानंतरचा अलार्म लावा. हेडफोन लावलेला असतानाही अलार्म आणि रिंगटोन सहसा स्पीकरमधूनही वाजतात, म्हणजे झोपलेल्या माणसाला हेडफोन कानात नसला तरी जाग येते. गाणं वाजत नाही पण अलार्म खणखणीत वाजतो, असं असेल तर स्पीकर ठणठणीत आहे. ही एक चाचणी मी तेव्हा केली असती तर तो स्पीकर बदलला नसता.

दुसरी, फोन लावून स्पीकरचं बटण दाबा. कानाला लावून ऐकू येत नाही, पण स्पीकरवर टाकताच स्वच्छ ऐकू येतं? मग बिघाड आवाजाच्या वाटेत आहे, आवाज तयार करणाऱ्या भागात नाही.

तिसरी, चिन्ह नीट पाहा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये दोन वेगळी चिन्हं असतात, नुसत्या हेडफोनचं आणि माइकसकट हेडफोनचं. माइकवालं चिन्ह अडकलं असेल तर फोनने स्वतःचा माइकही बाजूला ठेवलेला असतो, म्हणून तुमचा आवाज पलीकडे जात नाही. नुसतं हेडफोनचं चिन्ह असेल तर त्यांना तुमचं बोलणं ऐकू जातं, तुम्हाला त्यांचं येत नाही. कोण कुणाला ऐकू शकत नाही, हे दुरुस्तीवाल्याला सांगितलं तर त्याचा बराच वेळ वाचतो.

चौथी, आवाज रेकॉर्ड करून पाहा आणि दुसरा एखादा चालू हेडफोन लावून पाहा. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये डायलरवर *#०*# टाकलं की स्पीकर, रिसीव्हर (कानाला लावायचा छोटा स्पीकर) वगैरे एकेक भाग तपासण्याचा पडदा उघडतो. शाओमीच्या फोनमध्ये *#*#६४८४#*#* असं टाकावं लागतं. हे पडदे फक्त तपासणीसाठी असतात, तिथे काही बदलत बसू नका.

या सगळ्यात एकही आवाज कुठूनच आला नाही, म्हणजे अलार्म नाही, रेकॉर्डिंग सुरूच होत नाही, व्हिडिओ लावला की अडकतो, तर संशय जॅकवर नको. फोनमधली आवाज हाताळणारी चिप किंवा तिची जोडणी बिघडलेली असू शकते. तिथे घरगुती उपाय चालत नाहीत.

सॉफ्टवेअर: पाच मिनिटांचं काम

सर्वात आधी ब्लूटूथ बंद करा. हे फार साधं वाटतं, पण एकदा मी आईच्या फोनचा जॅक दोनदा साफ केला आणि नंतर कळलं की आवाज कपाटात चालू राहिलेल्या ब्लूटूथ स्पीकरकडे जात होता. आयफोनमध्ये कंट्रोल सेंटरमधल्या गाण्याच्या चौकटीवरून आवाज कुठे जातोय ते दिसतं आणि बदलताही येतं. अँड्रॉइडमध्ये आवाजाचं बटण दाबून उघडणाऱ्या पट्टीत किंवा गाण्याच्या सूचनेवर तीच सोय असते.

मग फोन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. पिन काढली तेव्हा फोन कामात अडकलेला असेल तर ‘पिन निघाली’ हा निरोप कधीकधी हुकतो. नव्याने चालू होताना तो जॅककडे पुन्हा बघतो.

यानंतर सेटिंगमध्ये मीडियाचा आवाज रिंगटोनपासून वेगळा असतो हे ध्यानात ठेवून तो शून्यावर नाही ना ते पाहा. ॲक्सेसिबिलिटीमध्ये डाव्या-उजव्या आवाजाचा समतोल एका टोकाला सरकलेला नाही ना, तेही पाहा. ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू असेल तर बंद करा.

अँड्रॉइडवर एखाद्या ॲपचा हात असल्याची शंका आली तर सेफ मोड वापरा. बऱ्याच फोनमध्ये पॉवर बटण दाबून आलेल्या ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरलं की तो पर्याय येतो. सेफ मोडमध्ये तुम्ही टाकलेली ॲप थांबलेली असतात. तिथे आवाज परत आला तर अलीकडे टाकलेली ॲप एकेक करून काढा. नाही आला, तर सॉफ्टवेअरचा नाद सोडून भोकाकडे वळा.

फॅक्टरी रीसेटबद्दल माझं मत स्पष्ट आहे: करू नका. सेफ मोडमध्येही हेडफोनचं चिन्ह जागचं हलत नसेल तर ती धूळ, ओल किंवा पत्रा आहे. फोटो आणि संदेश पुसून धूळ निघत नाही. तरीही बॅकअप आत्ताच घेऊन ठेवा, कारण पुढे कदाचित फोन उघडावा लागेल.

पिन आत-बाहेर

साफसफाईच्या आधी एक सोपा प्रयोग. चांगल्या स्थितीतल्या हेडफोनची पिन सरळ आत घाला, ‘टक’ असं जाणवेपर्यंत, आणि बाहेर काढा. असं दहाबारा वेळा करा. मधूनमधून पिन आत असताना बोटांनी हलकेच गोल फिरवा. यामुळे पट्ट्यांवरचा बारीक थर घासला जातो आणि अर्धवट अडकलेली पट्टी कधीकधी जागेवर येते. पिन तिरकी करून दाबायची नाही, वर-खाली हलवायची नाही. तिरका दाब हेच पट्टी वाकण्याचं मोठं कारण आहे. फोन खिशात आणि हेडफोन लावलेला असताना बसलात की असाच दाब पडतो.

पिन पूर्वीइतकी आत जात नसेल, जरा बाहेरच राहत असेल, तर तळाशी कचरा साचलाय हे नक्की. चांगल्या पिनेची लांबी साधारण १४ मिलिमीटर असते आणि ती सगळी आत जायला हवी. जाड कव्हर असेल तर आधी ते काढून पाहा. कित्येकदा पिनेचं बूड कव्हरवर अडतं आणि शेवटचा एखादा मिलिमीटर राहून जातो.

साफसफाई

घाई केली तर नुकसान इथेच होतं, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

फोन बंद करा. नुसता पडदा बंद नव्हे, फोनच बंद. चार्जिंगची वायर काढलेली असू द्या. दुसऱ्या फोनच्या टॉर्चचा उजेड भोकात सरळ पडेल असा धरा आणि आत पाहा. निरोगी भोकाच्या भिंतींवर चकचकीत पत्र्याचे ठिपके दिसतात आणि तळ मोकळा असतो. खिशातल्या कापडाचा कचरा बहुधा तळाशी राखाडी गादीसारखा दबून बसलेला असतो. दर वेळी पिन घातली की ती त्याला आणखी ठासते. हिरवट किंवा पांढरट थर दिसला तर तो गंज आहे, म्हणजे कधीतरी ओल आत गेली होती.

हत्यार कोणतं? सुई, टाचणी, सेफ्टी पिन, स्टेपलरची तार, सिमकार्ड काढायची पिन यांपैकी काहीही नाही. धातूचं टोक पट्टीमागे शिरलं की तिला खेचून बाहेर वाकवतं आणि वाकलेली पट्टी घरी सरळ होत नाही. फोन चालू असेल तर शॉर्ट होण्याचा धोका वेगळाच. लाकडी टूथपिक चालते, पण कोरडी आणि धड. टोक फार तासून बारीक केलंत तर ते आत मोडून राहतं आणि एकाचे दोन त्रास होतात. माझी पसंती प्लास्टिकच्या टूथपिकला. दातांच्या फटींसाठी मिळणारा पूर्ण रबराचा किंवा प्लास्टिकचा बारीक ब्रश सर्वात उत्तम. त्याच जातीचा तारेच्या दांड्याचा ब्रशही मिळतो, त्यात तारेचं टोक उघडं असतं, म्हणून तो टाळा. कानात घालायच्या कापसाच्या काडीचं बोंड या भोकात मावत नाही आणि जबरदस्ती केली तर कापूस आतच सुटतो.

फोन असा धरा की भोक जमिनीकडे राहील, म्हणजे सुटलेला कचरा आत न जाता खाली पडेल. काडी भिंतीला न टेकवता मधोमध तळापर्यंत न्या, तळ लागला की थांबा आणि हलकेच अर्धा वळसा देऊन बाहेर काढा. खणायचं नाही, गुंडाळून आणायचं. टोकाला आलेले धागे पुसा आणि पुन्हा करा. पाच-सात फेऱ्यांमध्ये कापसाचा एखादा दाबलेला गोळा बाहेर येतो. तो पाहून आश्चर्य वाटेल, कारण बाहेरून भोक स्वच्छच दिसत असतं.

एक धोक्याची खूण. जॅकच्या शेजारी फोनच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढं आणखी एक भोक असतं. ते माइकचं आहे. त्यात काहीही घालू नका. तिथल्या नाजूक पडद्याला टोचलं की हेडफोनचा त्रास जाऊन माइकचा सुरू होतो.

फुंकर मारू नका, तोंडातली वाफ आणि थुंकीचे कण आत जातात. कॅनमधली हवा वापरायची असेल तर कॅन उभा धरा आणि थोड्या अंतरावरून छोटे छोटे झोत द्या. कॅन आडवा किंवा उलटा केला तर आतलं थंड द्रव बाहेर येतं. फोन ओला असल्याची शंका असेल तर हवा अजिबात मारू नका, ओल आणखी आत ढकलली जाईल.

चिकट थर किंवा हलका गंज असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, ९० टक्के किंवा त्याहून तीव्र, ९९ टक्के मिळालं तर फारच छान. काडीच्या टोकाला कापसाचे अगदी थोडे तंतू घट्ट गुंडाळा, अल्कोहोलमध्ये बुडवून निथळून घ्या, थेंब टपकता कामा नये. भोकात हळूच फिरवा, बाहेर काढा, कोरड्या काडीने पुन्हा फिरवा. भोकात अल्कोहोल ओतायचं नाही. ते पेट घेतं, म्हणून शेगडी किंवा दिव्याजवळ हे काम करू नका आणि खिडकी उघडी ठेवा. नंतर किमान अर्धा तास फोन बंदच ठेवून सुकू द्या. सॅनिटायझर, अत्तर, रॉकेल, गंज सोडवायचे तेलकट स्प्रे यांतलं काहीही चालणार नाही. सॅनिटायझरमध्ये पाणी आणि ग्लिसरीन असतं, ते चिकट थर मागे ठेवतं. तेलकट स्प्रेवर नंतर धूळ अधिकच बसते.

आता फोन चालू करा. चिन्ह गेलं असेल तर गाणं, अलार्म आणि एक कॉल तपासा. गेलं नसेल तर पिन आत-बाहेरचा प्रयोग एकदा पुन्हा करा. सैल झालेला कचरा त्यावेळी सुटतो.

ओल गेली असेल तर

पावसात, घामाने किंवा पाण्यात पडून फोन भिजला असेल तर फोन बंद, चार्जिंग नाही, भोक खाली करून तळहातावर हलकेच आपटून पाणी झटकायचं आणि पंख्याखाली मोकळ्या हवेत ठेवायचं. निदान २४ तास, शक्य असेल तर जास्त. हेअर ड्रायरची गरम हवा नको, ती गोंद आणि रबर सैल करते.

तांदळाच्या डब्याचा उपाय मनातून काढून टाका. बंद डब्यापेक्षा वाहती हवा ओल लवकर नेते, आणि तांदळाची भुकटी व कणी भोकात जाऊन बसते. अ‍ॅपलच्या सूचनांमध्येही आयफोन तांदळात ठेवू नका असं लिहिलेलं आहे.

स्वच्छ पाणी सुकलं की चिन्ह बहुधा आपोआप जातं. घाम, समुद्राचं पाणी, चहा किंवा सरबत यांचं तसं नाही. पाणी उडून जातं, मीठ आणि साखर मागे राहते, आणि हवेतल्या दमटपणाने पुन्हा ओली होते. म्हणून काही फोन सकाळी नीट असतात आणि दमट दिवशी किंवा व्यायामानंतर परत बिघडतात. येणारा-जाणारा बिघाड दिसला की अल्कोहोलची सफाई करायलाच हवी आणि ती एकदाच करून भागत नाही.

बऱ्याच फोनमध्ये सिमच्या खाचेत किंवा आत कुठेतरी एक छोटा पांढरा स्टिकर असतो. पाणी लागलं की तो लाल किंवा गुलाबी होतो. वॉरंटीसाठी फोन नेणार असाल तर तो आधीच पाहून घ्या, पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा धरत नाहीत.

पिनेचं टोक आतच तुटलं

पिन वाकून तिचा पुढचा तुकडा भोकात राहिला तर फोनच्या दृष्टीने हेडफोन कायमचा लागलेला असतो. टोकाजवळच्या खोबणीत एक स्प्रिंगपट्टी बसते (ते ‘टक’ तिचंच), आणि ती तुकड्याला सहज सोडत नाही.

बॉलपेनच्या रिकाम्या प्लास्टिक रिफिलचा एक उपाय आहे. तुकड्याचा मोडका खुंट वर आलेला असेल आणि रिफिलची नळी त्यावर घट्ट बसत असेल, तर नळी सरळ आत नेऊन खुंटावर बसवा, किंचित फिरवा आणि सरळ बाहेर ओढा. शाई पूर्ण संपलेली आणि नळी पुसलेली हवी. नळी सैल असेल किंवा तुकडा खोल असेल तर दोनतीन प्रयत्नांनंतर थांबा, प्रत्येक दाबाबरोबर तो आणखी आत जातो.

काडीला झटपट चिकटणारा गोंद लावून तुकडा बाहेर ओढायचा उपाय बरेच जण सांगतात. कृपया तो करू नका. गोंदाचा एक थेंब भिंतीला लागला की तुकडा, काडी आणि पट्ट्या सगळं एकजीव होतं, आणि जो तुकडा कारागीर काही मिनिटांत काढू शकला असता त्यासाठी अख्खा जॅक बदलावा लागतो. काही जॅकची मागची बाजू उघडी असते, फोन उघडून जॅक सुटा केला की तुकडा मागून ढकलून काढता येतो.

एकाच कानात आवाज, किंवा गाणाराच गायब

चिन्ह वेळेवर येतं-जातं पण आवाज विचित्र आहे, असं असेल तर दोषी बहुधा हेडफोन असतो. एका कानात आवाज नसेल तर पिनेच्या बुडाजवळची वायर हळूच वाकवून पाहा. आवाज ये-जा करत असेल तर तार तिथे तुटली आहे. दुसऱ्या हेडफोननेही तोच कान मुका राहिला, तर तळाचा कचरा किंवा पट्टी.

गाण्यातली वाद्यं ऐकू येतात पण गाणाऱ्याचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा, किंवा अजिबात नाही? तेव्हा ग्राउंड टेकत नसतो. दोन्ही कानांत सारखा असणारा भाग आपसात कटतो, आणि गाणाऱ्याचा आवाज नेमका तोच असतो. पिन अर्धवट आत असली की असं होतं. चार पट्ट्यांच्या पिनेत ग्राउंड आणि माइक यांच्या जागांचे दोन प्रघात आहेत, सीटीआयए आणि ओएमटीपी. आजचे बहुतेक फोन पहिला पाळतात. जुना ओएमटीपी हेडफोन लावला तर आवाज असाच पोकळ येतो. त्यात फोनचा दोष नाही आणि दुरुस्त करण्यासारखंही काही नाही, हेडफोन बदला.

दुरुस्ती होईपर्यंत

कॉलसाठी स्पीकरचं बटण पुरतं. अँड्रॉइडवर आवाज जबरदस्तीने स्पीकरकडे वळवणारी ॲप मिळतात. ती काही फोनवर चालतात, काहींवर नाही, आणि घेताना ती कोणत्या परवानग्या मागतात ते वाचा. आवाज वळवायला संपर्कांची यादी लागत नाही. ब्लूटूथ हेडफोन तर जॅक बिघडलेला असतानाही चालतो.

टाइप-सीचा हेडफोन किंवा ॲडॅप्टर घेणार असाल तर एक फरक लक्षात ठेवा. काही ॲडॅप्टर म्हणजे नुसती वायर असते, आवाज फोनकडून तयारच यावा लागतो, आणि अनेक फोन तसा देत नाहीत. काहींमध्ये स्वतःची डॅक चिप असते, ती फोनकडून डिजिटल माहिती घेऊन आवाज बनवते. फोन कोणता चालवेल याची खात्री नसेल तर डॅक असलेला घ्या. टाइप-सीच्या खाचेतही कचरा आणि ओल साचते, तिथेही वरचेच नियम, फक्त मधली पातळ जीभ दाबली जाऊ देऊ नका.

फोन उघडायला देताना

सफाई झाली, सुकवून झालं, तरी चिन्ह ढिम्म असेल तर पट्टी वाकली आहे किंवा गंजली आहे. आता जॅक बदलायचा. काम किती मोठं आहे ते जॅक कुठे बसवलाय यावर ठरतं. काही फोनमध्ये तो सुटा भाग असतो, कनेक्टर काढला की निघतो. काहींमध्ये चार्जिंगच्या छोट्या बोर्डावर असतो, मग तो सगळा बोर्ड बदलतात. काहींमध्ये मुख्य मदरबोर्डला डाग दिलेला असतो, तेव्हा सोल्डरिंग येणारा सराईत हात हवा. काम देण्याआधी ‘माझ्या फोनमध्ये यांपैकी कोणतं आहे?’ एवढं विचारा. उत्तरावरून कारागीर फोन ओळखतो की नाही ते कळतं.

फोन पाण्यापासून सुरक्षित असल्याचा दावा असेल तर उघडल्यावर कडेचा चिकट सील तुटतो. नवा सील लावणार का, ते विचारा, आणि लावला तरी पुढे तो फोन पाण्यात नेऊ नका. काढलेला जुना भाग परत मागा. त्यातली वाकलेली पट्टी उजेडात दिसते.

ताब्यात घेताना तिथेच उभं राहून तपासा. गाणं स्पीकरवर, अलार्म, एक कॉल कानाला लावून आणि एक स्पीकरवर, एक रेकॉर्डिंग. बोर्ड बदलला असेल तर चार्जिंग आणि नेटवर्कचा सिग्नलही, कारण बऱ्याच फोनमध्ये अँटेनाची वायर त्याच बोर्डाला जोडलेली असते आणि बसवताना सैल राहू शकते. शेवटी हेडफोनची पिन पाच वेळा घाला आणि काढा. दर वेळी चिन्ह लगेच यायला हवं आणि लगेच जायला हवं. एकदा जरी रेंगाळलं तरी फोन तिथेच परत द्या.